'वेठ' ह्या शब्दाचा अर्थ व उपयोग

(वाचावे : मत्तय ५:४१, मार्क १५:२१, १ राजे ५ व १२, यिर्मया २२:१३)

गेल्या पावसाळ्यांत एका गांवीं उपदेशकांच्या वर्गांत आम्ही बसलों असतां डोंगरावरील प्रवचन वाचण्यांत आलें. कोणी वेठीस धरून एक कोस नेऊं लागला तर त्याच्याबरोबर दोन कोस जावें, हें वचन आलें, तेव्हां एका तरुण बंधूनें विचारिलें, "पाळकसाहेब, वेठीस धरणें म्हणजे अडवून ठेवणें ना? मग अडवून ठेवलेला माणूस कोसभर चालेल कसा?" वर्गांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्याजोगा नव्हता. त्या बंधूनें हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांतच वाचलेला. बसगाड्यांचा संप झाला कीं 'प्रवाशांना वेठीस धरलें' असें छापून येतें, त्यावरून त्यानें अर्थ बसविला होता. तेव्हां मागें भिंतीशीं बसलेले एक वृद्ध बंधु म्हणाले, "माझ्या आज्यानें वेठ केली. त्याला कोणी अडवून ठेवीत नसे बाबा, उलट बसूं देत नसत."

त्या दिवशीं वर्ग एवढ्या एका शब्दावरच संपला. तेथें जें बोलणें झालें तें, कांहीं अधिक वाचून व पडताळून, येथें देतों.

वेठ हा शब्द फार जुना आहे. राजा प्रजेकडून बळानें व बहुधा फुकट जें काम करून घेई त्यास संस्कृतांत 'विष्टि' म्हणत. त्याच शब्दापासून आमचा 'वेठ' आला. जुनागड येथील खडकावर महाक्षत्रप रुद्रदामा यानें सुमारें इ. स. १५० मध्यें कोरविलेला एक लेख आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण कर, विष्टि आणि भेटीच्या नांवाखालीं मागितलेला पैसा ह्यांनीं लोकांस न गांजतां, आपल्या खजिन्यांतून पुन्हा बांधविला, असें तो त्यांत सांगतो. राजा ज्या गोष्टीची प्रौढी मिरवितो ती गोष्ट इतर राजे सहसा करीत नसत, हें त्यावरून ओळखावें. इकडे वऱ्हाडांत अचलपुराजवळ चम्मक येथें वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पांचव्या शतकांतील ताम्रपट सांपडला आहे. त्यांत दान दिलेल्या गांवास सर्व प्रकारच्या विष्टींतून मोकळें केलें आहे. म्हणजे वेठ हा एक करच होता. तो पैशानें न देतां अंगानें द्यावा लागे.

'बिगार' हा शब्द फारशीतून आला व त्याचाही अर्थ तोच. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र ह्या जोड्यांत जशी एक बाजू बाहेरची व एक घरची, तशीच 'वेठबिगार' ही जोडी झाली. पुढें ह्या शब्दांच्या वाटा मात्र निरनिराळ्या झाल्या. आज गवंड्याच्या हाताखालचा बिगारी संध्याकाळीं आपला रोज मोजून घेतो; नांव बिगारी असलें तरी तो वेठबिगार नव्हे. कामांत मन नसलें कीं आपण 'वेठ मारली' असें म्हणतों, कारण ज्याला ना दाम ना मान तो माणूस काम उरकण्यापुरतेंच करणार. आणि 'बिगारीचें घोडें, तरवडाचा फोक' ही म्हण तर सर्वांस ठाऊक आहे. घोडें आपलें असतें तर कोणी हाताला लागेल त्या फोकानें झोडपलें नसतें.

आतां शुभवर्तमानांतील शब्दाकडे वळूं. मत्तयाच्या ज्या वचनापाशीं आमचा वर्ग थांबला तेथें मूळ ग्रीक क्रियापद 'अंगारेउओ' असें आहे, आणि तो शब्द ग्रीक लोकांचाही नव्हे. इराणच्या बादशहाचे जासूद ठाण्याठाण्यांवर घोडे बदलीत दौडत, त्या व्यवस्थेचें नांव हिरोडोटस 'अंगारेयोन' असें देतो. सरकारी कामासाठीं वाटेंतला माणूस, घोडा, गाढव, होडी जें सांपडेल तें धरण्याचा अधिकार पुढें ह्या शब्दाला चिकटला आणि रोमी राज्यांत तो गांवोगांव ऐकूं येऊं लागला. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता. त्याला शिपायांनीं धरून वधस्तंभ वाहावयास लाविलें, असें मार्क सांगतो, तेथें हाच शब्द आहे. शिमोनाला कोणी विचारिलें नाहीं. त्याच्या मजुरीचें बोलणें झालें नाहीं. तो अपराधीही नव्हता. तो त्या वेळीं त्या वाटेनें जात होता, एवढेंच. शिमोनाच्या ह्या एका ओळींत वेठीचें सर्व स्वरूप दिसून येतें, आणि मराठी भाषांतर करणाऱ्यांनीं दोन्ही ठिकाणीं 'वेठीस धरणें' हा शब्द योजिला तो अगदीं योग्य केला.

मात्र त्यांचा 'कोस' थोडा लांब पडला आहे. मूळ शब्द रोमी मैलाचा आहे. तो मैल हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे दीड किलोमीटराला किंचित् कमी; आपला कोस त्याच्या सुमारें दुप्पट धरतात. रोमी कायद्यानें शिपायास एकच मैल नेण्याची परवानगी होती, असें आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदां सांगण्यांत येतें. त्या काळचे जे शिलालेख व हुकूम आज उपलब्ध आहेत त्यांत अशी मर्यादा लिहिलेली नाहीं. तेव्हां उपदेशकांनीं हें विधान इतक्या खात्रीनें करूं नये, हें बरें.

ह्या हुकुमांत काय आहे तें मात्र वाचण्याजोगें आहे. हल्लींच्या तुर्कस्तानांत सागालास्सस म्हणून एक नगर होतें. त्या मुलखांतील एका रोमी सुभेदाराचा, पहिल्या शतकाच्या आरंभींचा, लॅटिन व ग्रीक अशा दोन भाषांत कोरलेला हुकूम सांपडला व तो १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. येणाऱ्याजाणाऱ्या कामदारांस नगरानें दहा गाड्या व तितकींच खेंचरें पुरवावीं. घेणारानें अंतराप्रमाणें ठरलेला दर द्यावा. स्वतःच्या नफ्यासाठीं धान्य नेणारास कांहींएक देऊं नये, असा त्याचा आशय आहे. इ. स. १९ मध्यें जर्मानिकस यानें मिसरांत अशाच प्रकारचा हुकूम काढिला. सन ४८-४९ च्या सुमारास मिसरचा सुभेदार कापितो यानें पुन्हा काढिला. एकच मनाई पुन्हा पुन्हा लिहावी लागते, तेव्हां ती कोणी पाळीत नसतो हें आपण जाणतों. आमच्याकडील जुन्या सनदांतही वेठबिगारीच्या माफीचा उल्लेख वारंवार येतो, त्याचेंही कारण ह्याहून वेगळें नसावें.

त्याच शतकाच्या उत्तरार्धांत एपिक्टेटस नांवाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला; तो स्वतः पूर्वी गुलाम होता. शिपायानें तुझें गाढव वेठीस धरिलें तर सोडून दे, आडवा येऊं नको, नाहीं तर मारही खाशील आणि गाढवही गमावशील, असा त्याचा उपदेश आहे. हें शहाणपण आहे, व ज्यानें मार खाल्ला आहे त्याचें शहाणपण आहे. प्रभूचें सांगणें निराळें आहे. पहिल्या कोसावर सत्ता शिपायाची असते. दुसरा कोस कोणीच सांगितलेला नसतो, तो चालणारा आपल्या इच्छेनें चालतो, आणि तेवढ्या वाटेपुरता तरी तो कोणाचा बिगारी नसतो. परंतु हें वचन ओझें वाहणारास सांगितलेलें आहे. ओझें लादणारानें तें दुसऱ्यास वाचून दाखवूं नये. आमच्या ऐकिवांत असे मालक आले आहेत कीं ज्यांना सर्व शास्त्रांतून हें एकच वचन पाठ होतें.

जुन्या करारांतील दाखले आपल्या मंडळ्यांस परिचित आहेत, म्हणून येथें थोडक्यांत सांगतों. मिसरांतील विटांचें काम सर्वांस ठाऊक आहे. पण वेठ मिसरांतच राहिली नाहीं, हें आपण विसरतों. शलमोनानें मंदिरासाठीं इस्राएलांतून तीस हजार माणसें वेठीस लाविलीं. दहा दहा हजारांची पाळी करून तीं महिनाभर लबानोनांत व दोन महिने घरीं अशी ठेविलीं. ह्याशिवाय ओझेंवाहे सत्तर हजार व डोंगरांत दगड फोडणारे ऐशीं हजार होते. मंदिर पूर्ण झालें, परंतु लोकांच्या खांद्यांना तें जूं आठवत राहिलें. शलमोनामागें रहबाम गादीवर आला आणि त्यानें वेठीवरील अधिकारी अदोराम यासच लोकांकडे पाठविलें. लोकांनीं त्यास दगडमार करून ठार केलें व राज्य दुभंगलें. पुढें यहोयाकीम राजानें शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन गंधसरूचा वाडा बांधिला, तेव्हां यिर्मयानें त्याला सरळ शब्दांत धिक्कारिलें. देवाच्या घरासाठीं घेतली काय आणि राजाच्या वाड्यासाठीं घेतली काय, वेठ ती वेठ, हें ह्या अध्यायांवरून दिसतें.

आतां आपल्या गांवाकडे येऊं. वर्गांतील त्या वृद्ध बंधूंचे आजे महार वतनदार होते. 'वतनदार' ह्या शब्दानें फसूं नये. देशावरील गांवांत महारांस थोडी वतनी जमीन असे व शेतकऱ्यांकडून बलुतें मिळे. त्याबद्दल रयतेस चावडीवर बोलावून आणणें, सरकारी टपाल व वसूल पोंचविणें, गांवच्या शिवेची साक्ष देणें, राबता राहणें, अंमलदाराचें घोडें धरणें, त्यास पुढच्या गांवची वाट दाखविणें, सरपण आणून टाकणें, मेलेलें जनावर ओढणें, मयताचा निरोप परगांवीं नेणें, अशीं कामें त्यांच्या माथीं असत. येसकराला व तराळाला रात्र कीं दिवस हा प्रश्न नसे. बाप घरीं नसला तर मुलानें जावें. मुलगा लहान असला तर घरांतील दुसऱ्या कोणीं जावें. वृद्ध बंधूंनीं सांगितलें कीं, त्यांच्या आज्याला एकदां ऐन पेरणींत, वाफसा आलेला असतां, पाटलाचें पत्र घेऊन दहा कोस धाडिलें. परत येतो तों वाफसा गेला, आणि त्या वर्षीं त्यांच्या तुकड्यांत कांहीं उगवलें नाहीं. हें सांगतांना त्यांच्या आवाजांत राग नव्हता. ते मध्येंच म्हणाले, "पण जमीन होती ना! जमीन होती म्हणून तर जावें लागायचें."

ह्या वाक्यापाशीं आम्ही वाचकांस थोडें थांबण्याची विनंती करितों, कारण सगळ्या विषयाची कळ येथें आहे. वेठ म्हणजे बिनमजुरीचें काम, एवढाच अर्थ धरला तर महारांचें काम वेठ ठरत नाहीं. जमीन व बलुतें हा मोबदला होताच, असें म्हणणारे त्या काळीं पुष्कळ होते. परंतु ज्या कामाला तास नाहीं, ज्याची यादी कोठें लिहिलेली नाहीं, जें बापानें सोडिलें तर मुलावर येतें आणि जें नाकारलें तर जमीन जाते, बलुतें बंद होतें व प्रसंगीं वाळीत पडावें लागतें, त्याला मोलाचें काम कसें म्हणावें? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हेंच ओळखिलें होतें. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्याचें विधेयक त्यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मांडिलें. ह्या चाकरींतून ज्यांना मोकळें व्हावयाचें असेल त्यांना होतां यावें व जे राहतील त्यांच्या कामाचा मोबदला नीट ठरावा, असा त्याचा रोंख होता. तें तडीस गेलें नाहीं. १९३७ सालीं त्यांनीं पुन्हा प्रयत्न केला. शेवटीं १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील हीं कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांत ती सुटका अद्याप आठवणींत आहे.

ठाणें जिल्ह्यांतील (आतां पालघर जिल्हा) वारली बंधूंची गोष्ट ह्याहून कठोर होती. तेथें जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागेच. शिवाय लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायको दोघेंही मालकाकडे राबूं लागत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वारल्यांनीं वेठ न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत माणसें मेलीं. ही हकीकत गोदावरीबाईंनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. तें आपल्या वाचनालयांत असावें.

अंमलदाराचें सामान पुढच्या मुक्कामास पोंचविण्याची जी वेठ, ती आपल्याकडे जशी होती तशीच, किंबहुना अधिक पक्की, हिमालयांतील कुमाऊं प्रांतांत होती. गाड्या जात नाहींत असा तो डोंगराळ मुलूख. साहेब दौऱ्यावर निघाला कीं त्याचे तंबू, पेट्या, भांडींकुंडीं गांवकऱ्यांनीं पाठीवरून वाहावीं. त्यांत तीन प्रकार असत. 'कुली बेगार' फुकट, 'कुली उतार' ह्यास थोडी मजुरी, आणि 'कुली बर्दायश' म्हणजे दूध, धान्य, लांकूडफांटा पुरविणें. गांवच्या मुख्याजवळ कुल्यांच्या नांवांची वही असे. वहींत ज्याचें नांव निघालें त्यानें उठावें. १९२१ च्या १४ जानेवारीस, उत्तरायणीच्या जत्रेंत, बागेश्वर येथें शरयू व गोमती ह्या नद्यांच्या संगमावर मोठा जमाव मिळाला. बद्रीदत्त पांडे व त्यांचे सोबती तेथें होते. लोकांनीं पाणी हातांत घेऊन यापुढें कुली देणार नाहीं अशी शपथ वाहिली, आणि मुख्यांनीं त्या वह्या शरयूच्या पाण्यांत टाकिल्या. पुढें सरकारास ती चाल बंद करावी लागली. लोकांनीं मजुरी वाढवून मागितली नाहीं; त्यांना वहीच नको होती. 'उतारा'ला पैसे मिळत असूनही ती त्यांस वेठच वाटे, कारण वहींत नांव असलेल्या माणसास नाहीं म्हणण्याची सोय नव्हती.

आणि कायद्यानेंही पुढें तेंच धरिलें. १९३० सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें सक्तीच्या मजुरीविषयीं एक करार मान्य केला. त्यांतील व्याख्येचा भावार्थ असा : कांहीं शिक्षेच्या धाकाखालीं करून घेतलेलें व ज्याला तो माणूस आपखुशीनें तयार झालेला नाहीं, असें कोणतेंही काम किंवा चाकरी. वाचकांनीं पाहावें, ह्या व्याख्येंत मजुरी हा शब्दच नाहीं. शिक्षेचा धाक आणि खुशीचा अभाव, ह्या दोनच खुणा. सक्तीची लष्करी नोकरी, न्यायालयानें शिक्षा दिलेल्या कैद्यांचें सरकारी देखरेखीखालील काम, पूर, आग, सांथ अशा संकटांतील मदत, आणि गांवकीचीं किरकोळ कामें हीं त्यांतून वगळलीं आहेत. गांवकीच्या कामांतही तीं गरजेचीं आहेत कीं नाहींत हें बोलण्याचा हक्क गांवास ठेविला आहे. १९५० च्या जानेवारीपासून अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें बिगार व तशा प्रकारची सक्तीची मजुरी ह्यांस मनाई केली. १९३० चा करार भारतानें १९५४ सालीं स्वीकारिला.

धाक म्हणजे काठीच असली पाहिजे काय, हा प्रश्न राहिला होता. त्याचा निकाल १९८२ सालीं लागला. दिल्लींत त्या वर्षीं आशियाई खेळ भरणार होते व त्यासाठीं मोठीं बांधकामें चालूं होतीं. तेथील मजुरांस ठरलेल्या किमान वेतनापेक्षां कमी मिळे, म्हणून एका लोकहक्क संस्थेनें सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. न्यायमूर्ति भगवती यांनीं असें ठरविलें कीं, उपासमार व दारिद्र्य ह्यांमुळें ज्याला दुसरी वाटच नाहीं तो माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबतो तेव्हां तीही सक्तीच होय, आणि तें २३ व्या कलमाचें उल्लंघन होय. ह्या निकालानें त्या जुन्या शब्दाचा अर्थ जितका विस्तारला तितका दोन हजार वर्षांत विस्तारला नव्हता, असें म्हटलें तरी चालेल. आणि शब्दाचा उपयोगही सरलेला नाहीं. २०२१ सालीं जगांत सुमारें २ कोटी ७६ लक्ष माणसें सक्तीच्या मजुरींत होतीं, असा त्याच मजूर संघटनेचा अंदाज आहे.

आतां आपल्या स्वतःच्या मंडळ्यांविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. एका गांवीं मंदिराची भिंत पावसांत पडली. ती उभारण्यासाठीं श्रमदान ठरलें. घरटीं एक माणूस यावा असा ठराव झाला व पुढील उपासनेच्या वेळीं, जे आले नाहींत त्यांचीं नांवें वाचून दाखविण्यांत आलीं. त्यांत एक विधवा बहीण होती. ती त्या दिवशीं दुसऱ्याच्या कांद्याच्या शेतांत रोजानें गेली होती, कारण घरीं पीठ नव्हतें. ती त्यानंतर कित्येक रविवार मंदिरांत आली नाहीं. भिंत चांगली झाली आहे. श्रमदान हा शब्द चांगला आहे व तें करणाऱ्या बंधुभगिनींचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दान हें न देण्याची मोकळीक असेल तेथेंच दान होतें. नांवें वाचावयाचीं असतील तर तीं आलेल्यांचींही वाचूं नयेत, असें आमचें मत आहे. उपदेशकाच्या घरीं पाणी भरणें, त्याचें सरपण फोडणें, त्याचें सामान बसच्या थांब्यापर्यंत नेणें, हीं कामें लोक प्रीतीनें करितात. तीं प्रीतीनेंच होतात कीं तुमच्या हातीं शिफारसपत्र आहे म्हणून होतात, हें ज्यानें त्यानें एखादे दिवशीं आपली पेटी आपण उचलून पाहावें म्हणजे समजेल.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांविषयीं वर्गांत सर्वांत अधिक बोलणें झालें, कारण आमच्या पुष्कळ मंडळ्यांचीं मंदिरें दिवाळीनंतर त्याच कारणानें रिकामीं पडतात. नवराबायको मिळून एक कोयता धरितात. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतात. ती टनाच्या हिशेबानें फेडावयाची. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. ज्याची उचल फिटते, हिशेब दाखविला जातो, आणि ज्याला पुढील वर्षीं दुसऱ्या मुकादमाकडे किंवा कोठेंच न जाण्याची मोकळीक असते, तो मजूर आहे. पण उचल फिटली नाहीं म्हणून दुसऱ्या हंगामास ओढून नेणें, आजारी बायकोस फडांत उभें करणें, बापाच्या उचलीपोटीं मुलास धरणें, सोडून जातों म्हटल्यावर बैल किंवा भांडीं अडकवून ठेवणें, हें जेथें असेल तेथें तो जुनाच शब्द लागू होतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धति निर्मूलन कायद्यानें असें वेठीचें कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली आहे. कर्ज रद्द झालें आहे, हें मात्र कर्जदाराला ठाऊक नसतें.

१९६० सालीं इस्राएलांत, समुद्रकांठच्या मेसाद हशाव्याहू ह्या लहानशा गढींत, शाईनें लिहिलेलें एक खापर सांपडलें. तें यिर्मयाच्या काळच्या आसपासचें, सातव्या शतकाच्या अखेरचें आहे. तो एका कापणी करणाऱ्या मजुराचा अधिकाऱ्यास केलेला अर्ज आहे. आपण नेमून दिलेली कापणी पुरी करून धान्य कोठारांत भरिलें, तरी होशायाहू नांवाच्या मनुष्यानें आपलें वस्त्र काढून नेलें. आपल्याबरोबर उन्हांत कापणी करणारे सर्व भाऊ साक्ष देतील. आपण निरपराधी आहों, वस्त्र परत करवावें, असें त्यांत म्हटलें आहे. गरिबाचें गहाण घेतलेलें वस्त्र सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावें, हा निर्गमांतील नियम वाचतांना हें खापर आठवावें. त्या मजुराला स्वतःला बहुधा लिहितां येत नव्हतें. तो सांगत गेला व लिहिणारा लिहीत गेला, असें अभ्यासकांस वाटतें.

आपले उपदेशक गांवांत लिहिणारे आहेत. म्हणून असा प्रसंग आला तर अर्जांत काय लिहावें तें येथें देतों. अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्या नांवें करावा. जिल्ह्याच्या व प्रांताच्या ठिकाणीं ह्या कायद्याखालीं दक्षता समितीही असते, तिलाही एक प्रत द्यावी. मजुराचें व कुटुंबांतील प्रत्येकाचें नांव, वय व मूळ गांव; काम कोणत्या गांवीं व कोणाच्या शेतावर, भट्टीवर किंवा फडांत चालूं आहे तें; उचल किती, कोणत्या महिन्यांत व कोणासमोर घेतली; आजवर किती दिवस काम झालें व हातांत काय पडलें; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, 'मी जातों' असें म्हटल्यावर काय उत्तर मिळालें तें त्याच शब्दांत लिहावें. अतिशयोक्ति करूं नये. अर्ज सोडवणुकीचा असल्यास 'मुक्तता प्रमाणपत्र' मिळावें असें स्पष्ट मागावें, कारण पुनर्वसनाची सरकारी मदत त्यावर अवलंबून असते. अंगठा घेण्यापूर्वी सर्व मजकूर मोठ्यानें वाचून दाखवावा व पोंच घ्यावी. आमच्याकडे कागद नाहीं, मुकादमाच्या वहींतच सर्व आहे, असें लोक म्हणतील; पण तें कर्ज वेठीचें नव्हे हें सिद्ध करण्याचा भार ह्या कायद्याच्या १५ व्या कलमानें कर्ज देणारावर टाकिला आहे, तेव्हां कागद नाहीं म्हणून अर्ज थांबवूं नये.